सेवेरिन क्रोमानच्या चव्वेचाळीस तोफा

आल्मो बेटाच्या दफनभूमीत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला वाटावं, इथे फक्त बायकाच राहत असणार. ओळीच्या ओळी बायकांच्या. मधूनच एखादा पाद्री, एखादा शाळामास्तर आणि चार-दोन सुतार. बाकीची पुरुषमाणसं परस्पर समुद्रात गेलेली. त्यामुळे कबरी खणणाऱ्या कार्लचं आयुष्य निवांत चाललं होतं. "काय कार्ल, धंदापाणी कसं काय?" असं कुणी डिवचलं की तो टोपी मागे सारून म्हणायचा, "गिऱ्हाईक भरपूर हो, पण घरपोच येत नाही!" पाहुण्यांना हा विनोद सोसत नाही. बेटावरची माणसं हसतात. रडायचं ठरवलं तर संपायचं कधी?

सेवेरिन क्रोमान सुतारांपैकी होता, म्हणजे त्याची जागा नक्की होती. जहाजं त्याने बांधायची आणि ती दुसऱ्यांनी घेऊन जायची. स्वतः तो उभ्या जन्मात समोरच्या किनाऱ्यापलीकडे गेला नव्हता, आणि तेवढ्या तासाभराच्या प्रवासातही बोटीच्या काठावर ओणवा होऊन सकाळचा नाश्ता माशांना वाढायचा. बुटका, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, मिशांना कायम डांबराचा वास. बेटावर त्याला मेस्टर म्हणत, म्हणजे उस्ताद. माणसांपेक्षा लाकडाशी जास्त बोलायचा. त्याची बायको डाग्नी म्हणायची, "क्रोमानला माझ्याशी भांडायचं असलं की तो दाराशी भांडतो. दाराला बिचाऱ्याला उत्तर देता येत नाही, म्हणून मी देते." लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी ती त्याला आडनावानेच हाक मारायची. नाव तिला पोरकट वाटायचं.

सेवेरिनला गर्व एकाच गोष्टीचा. चाळीस वर्षांत त्याच्यामुळे एकही जहाज बंदरात थांबलं नव्हतं. वाऱ्याने थांबावं लागलं, बर्फाने थांबावं लागलं. सुतारामुळे कधीच नाही. हे वाक्य तो स्वतः कधी म्हणत नसे. दुसरं कुणी म्हणायला लागलं की मात्र नेमका ऐकू येईल इतक्या अंतरावर उभा सापडे.

त्या गर्वापायीच ते झालं.

एकोणीसशे तेवीसच्या ऑक्टोबरात 'डोर्थिया' हे तीन डोलकाठ्यांचं गलबत दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढलेलं होतं. न्यूफाउंडलंडला जायचं, खारवलेला मासा भरायचा आणि पोर्तुगालात नेऊन उतरवायचा, हा त्याचा ठरलेला फेरा. कप्तान अँटोन बॉये, आणि त्याला धरून सहा माणसं. सगळी बेटावरचीच. सेवेरिन हातोडीने तळ ठोकत चालला होता. चांगली फळी ठोकली की खणखणते. सुकाणूच्या थोडं अलीकडे एक फळी ओल्या पावासारखी बोलली. हातभर लाकूड कुजलं होतं. अशा वेळी अख्खी फळी काढून नवी बसवायची, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण त्या मापाचं ओकचं लाकूड बेटावर नव्हतं, यायला दहा दिवस लागणार होते, आणि सोबतीची दोन गलबतं परवा निघणार होती. सेवेरिनने माणसं जेवायला जाईपर्यंत वाट पाहिली. मग कुजका भाग कापला, तिथे तुकडा बसवला, फटीत काथ्या ठोकला, डांबर ओतलं आणि वरून शिशाचा पत्रा मारला. ठिगळ. वसंतात गलबत परत आलं की फळी बदलू, असं त्याने त्या फळीलाच सांगितलं.

अँटोन बॉये दुपारी आला, वाकून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काय मेस्टर, तळ ठीक ना?"

"ठीक आहे," सेवेरिन म्हणाला.

डिसेंबरात 'डोर्थिया' नाहीशी झाली. सोबतीची दोन्ही पोचली. वादळ होतंच, त्याच आठवड्यात आसपासच्या बंदरांची चार चांगली भक्कम जहाजं बुडाली. ठिगळ सुटलं की लाट वरून आली, हे सांगायला कुणी परत आलं नाही. सेवेरिनला दोषी ठरवणारा पुरावा जगात नव्हता आणि निर्दोष ठरवणाराही नव्हता. ठिगळाची गोष्ट एकट्या त्याला ठाऊक होती. त्याच्या जेवणातून आधी लोणी गेलं, मग बोलणं गेलं, मग दाराशी भांडणंही गेलं. डाग्नी म्हणाली, "क्रोमान, काहीतरी बोल बाबा. दार माझ्याकडे बघायला लागलंय."

कबर नाही, दगड नाही, अशा माणसांसाठी आमच्याकडे चर्चमध्ये जहाज टांगतात. हातभर-दोन हात लांबीचं, छताच्या मधोमध, दोरीला. रविवारी खाली बसून नातलगांनी वर बघायचं. आल्मोच्या चर्चमध्ये पूर्वी एक होतं. पण ते किड्यांनी इतकं खाल्लं होतं की एका ईस्टरला पुढचा अर्धा भाग तोफांसकट ऑर्गनवर कोसळला आणि वाजवणाऱ्या बाई जन्मभर एका कानाने ऐकू लागल्या. ती जागा रिकामी होती. सहा घरांनी ठरवलं, पाद्री विडबेर्ग शब्द घालायला आले, आणि त्यांच्याबरोबर अँटोनची बायको पेट्रिने.

पेट्रिने बॉये तेव्हा अडतीस-चाळीसची. जाळी विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती म्हणाली, "मेस्टर, 'डोर्थिया'च करा. तिची फळीन् फळी तुम्हांला पाठ आहे."

सेवेरिनने हातातला रंधा खाली ठेवला, परत उचलला. "नाही," तो म्हणाला. "चर्चच्या जहाजाला तोफा लागतात. लढाऊच हवं. तशी रीत आहे."

"पण आपल्या माणसांनी बंदूकही कधी धरली नाही. देवाच्या घरात तोफा कशाला?"

"रीत आहे," सेवेरिन म्हणाला.

खरंही होतं ते. जुनी जहाजं सगळी तोफांचीच. का, ते कुणी सांगू शकत नाही, पण आल्मोवर एकदा रीत म्हटलं की पाद्रीसुद्धा पुढे बोलत नाही. विडबेर्गांनी मान हलवली, पेट्रिनेने ओठ मिटले. 'डोर्थिया' करायची म्हणजे तो तळ पुन्हा घालायचा, ती फळी पुन्हा हातात घ्यायची. सेवेरिनला ते होणार नव्हतं, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा आरमाराचं जहाज त्या सहा माणसांच्या नावाने तयार होऊ लागलं.

ठरलं होतं चोवीस तोफांचं. चार फूट लांब, खऱ्या जहाजाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. स्वयंपाकघरातलं मोठं टेबल गेलं, आणि डाग्नी नि सेवेरिन खिडकीच्या फळीवर ताटल्या ठेवून उभ्याने जेवू लागले. आधी कणा घातला, मग बरगड्या, मग फळ्या. डाग्नीच्या किटलीच्या वाफेवर धरून वाकवलेल्या, नासपतीच्या लाकडाच्या, बोटाएवढ्या रुंद. प्रत्येक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. खऱ्या जहाजात एवढी लांब फळी मिळत नाही, जोड द्यावाच लागतो. सेवेरिनने एकही जोड दिला नाही. एखादीत टाचणीच्या डोक्याएवढी गाठ दिसली की ती चुलीत जाई.

"कॉफी चांगली उकळते यांच्यावर," डाग्नी म्हणायची. "एवढ्या नासपती झाडावर राहिल्या असत्या तर मुरंबा झाला असता."

तोफांसाठी क्लाउस फ्रीस आला. आला म्हणजे बोलावल्याशिवाय आला. क्लाउसने तरुणपणी आरमारात तोफखान्यात दोन वर्षं काढली होती. त्या दोन वर्षांत त्याने राजाच्या वाढदिवसाच्या सलामीखेरीज एकही तोफ डागली नव्हती, पण त्या सलामीवर तो पुढची चाळीस वर्षं जगत होता. सेवेरिन पायाने चालवायच्या, कातकामाच्या चरकावर पितळेची कांडी फिरवून एकेक तोफ कातायचा. अंगठ्याच्या पेराएवढी, मागे जाड, पुढे निमुळती, कड्याकड्यांची. क्लाउस चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्यांशी धरायचा.

"सेव्या, हिची शेपटी बघ. ही तोफ आहे का मुळा?"

"तुझ्या डोळ्यांत मुळा आहे."

"मी राजाच्या नोकरीत होतो हो!"

"राजा अजून जिवंत आहे तो त्यामुळेच. तुझा नेम."

प्रत्येक तोफेला आतून खरं भोक पाडायचं, मागे बत्तीसाठी केसाएवढं छिद्र. मग गंधकाच्या पाण्यात बुडवून काळी करायची. त्या दिवशी अख्ख्या गल्लीत सडक्या अंड्यांचा वास सुटे आणि शेजारीण खिडक्या लावून घेताना मोठ्याने देवाचं नाव घेई. मग चार चाकांचा गाडा. चाकं म्हणजे लाकडाच्या बारीक दांडीच्या गाजरासारख्या केलेल्या चकत्या. आणि शेवटी दोर. उडाली की तोफ मागे धावते, तिला आवरायला एक जाड दोर आणि पुढे ओढायला दोन्ही बाजूंना एकेक बारीक. सेवेरिनच्या बोटांना या गाठी जमेनात. चाळीस वर्षं हातोडी धरलेली बोटं, ती सुताच्या दोऱ्याला उमगेनात.

"मी बांधते," काम बघायला आलेली पेट्रिने म्हणाली.

नको म्हणायला सेवेरिनला कारण सापडलं नाही. बुधवारी आणि शनिवारी दुपारी ती यायची, शाल खुंटीला लावायची आणि टेबलाच्या पलीकडे बसायची. मधे जहाज. तिची बोटं सुईसारखी चालत. दोर मेणावरून ओढायचा, वेढा, गाठ, ओढ, काप. चांगल्या तासाभराने, मान वर न करता, ती विचारायची.

"मेस्टर, तळ शेवटचा तुम्हीच बघितलात ना?"

"हं."

मग सेवेरिन क्लाउसकडे वळायचा. "मागच्या डेकवर मोकळं वाटतंय रे. दोन बसतील."

क्लाउसला आनंदाचं भरतं यायचं. "मी केव्हाचं म्हणतोय! दोन इकडे, दोन तिकडे—"

"दोन."

चोवीसच्या सव्वीस झाल्या. एका बुधवारी तिने विचारलं, डांबर चांगलं होतं ना त्या वर्षी, कुणी म्हणत होतं पाणी घातलेलं आलं म्हणून. अठ्ठावीस. एकदा विचारलं, पाणी खालून आलं तर माणसाला कळतं का हो लवकर? त्या दिवशी सेवेरिनने चरक थांबवला, अंगणात जाऊन बराच वेळ लाकडं फोडली आणि परत येऊन म्हणाला, पुढच्या भागावर दोन. तीस. तिच्या आवाजात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिच्यापाशी नवऱ्याचं काही उरलं नव्हतं, म्हणून शेवटच्या दिवसांचे कण ती या म्हाताऱ्याच्या टेबलावरून वेचत होती, एवढंच. पेट्रिनेने एक प्रश्न विचारावा आणि जहाजावर दोन तोफा वाढाव्यात, असा तो हिशोब होता. एक डावीकडे, एक उजवीकडे.

डाग्नीच्या ते लक्षात आलं होतं. एकदा भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "ती बोलली की तू तोफ करतोस, क्रोमान."

सेवेरिनने चरकावरचा पितळेचा भुसा फुंकला.

"मला काही विचारायचं नाही. पितळ संपलंय, एवढंच सांगतेय."

दुसऱ्या हिवाळ्यात क्लाउसच्या अंगात राजा शिरला. तोफा आहेत, भोकं आहेत, बत्तीचं छिद्र आहे, मग एक तरी उडवून बघायला नको? "बिनउडवलेली तोफ म्हणजे बिनलग्नाचा नवरा," असं म्हणून त्याने खिशातून चिमूटभर दारूची पुडी काढली. डाग्नी शेजारी गेली होती. सेवेरिन नको-नको म्हणाला, पण डोळे चमकले. दोन वर्षांत पहिल्यांदाच चमकले. एक तोफ टेबलावर ठेवली, दोर टाचण्यांना बांधला, राईएवढी शिशाची गोळी आत सरकवली. पेट्रिनेने कान झाकले. क्लाउसने तापवलेली तार छिद्राला लावली आणि आरोळी दिली, "महाराजांच्या नावानं!"

आवाज दार आपटल्यासारखा झाला. धूर बसला तेव्हा तोफ दोरांत बरोबर अडकून उभी होती, क्लाउसची एक भुवई गेली होती, आणि फडताळातल्या निळ्या फुलांच्या कॉफीच्या किटलीला पोटात एक गोल भोक पडलं होतं. त्यातून कॉफीची बारीक धार सरळ, शिस्तीत, खाली चालली होती.

"नेम बघ, नेम!" क्लाउस ओरडला. "आता म्हण राजाला धोका!"

आणि पेट्रिने हसली. आधी नाकातून, मग अख्खी. टेबल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सेवेरिनही हसला. किटलीच्या भोकावर बोट धरून तिघं उभे होते, डाग्नी येऊन काय म्हणेल या भीतीने शाळेतल्या पोरांसारखे.

हसता हसता पेट्रिनेने डोळे पुसले आणि भोकाकडे बघत म्हणाली, "एवढंसं भोक! आणि कॉफी बघा कशी जातेय." मग तिचं हसणं हळूहळू थांबलं. "त्याचं तसं नसेल ना झालं, मेस्टर? तळ ठीक होता ना?"

सेवेरिनचं बोट किटलीवर तसंच राहिलं. "वरच्या डेकवर," तो म्हणाला, "अजून दोन बसतील."

अशा चव्वेचाळीस झाल्या. त्यापुढे एक तोफ ठेवायला बोटभर जागा नव्हती. क्लाउस म्हणाला, असं जहाज आरमारात असतं तर आपण शेजाऱ्यांशी एकही लढाई हरलो नसतो. एकशे बत्तीस दोर पेट्रिनेच्या हातचे. पाठीमागे सोनेरी अक्षरांत सहा नावं.

मार्चमधल्या एका शनिवारी, रविवारच्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी, जहाज चर्चमध्ये नेलं. कार्ल छतावरच्या माळ्यात चढला, दोरी खाली सोडली. पाद्री विडबेर्ग, क्लाउस, सेवेरिन आणि पेट्रिने खाली. जहाज हळूहळू वर गेलं, एकदा गरगर फिरलं आणि वेदीकडे तोंड करून स्थिर झालं.

क्लाउस बाकांच्या मधल्या वाटेत उभा राहून वर बघत होता. मग दोन पावलं मागे गेला. मग चार. मग गुडघ्यांवर बसून बघितलं.

"सेव्या," तो म्हणाला, "माझ्या तोफा कुठे गेल्या?"

सेवेरिनने वर पाहिलं. पोटाचा फुगवटा सगळं झाकत होता. तोफांची टोकंही धड दिसत नव्हती, मग गाडे, चाकं आणि दोर तर लांबच. दिसत होता फक्त तळ. फिकट, गुळगुळीत, वरच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात चकाकणारा तळ.

माळ्याच्या भोकातून कार्लचं डोकं बाहेर आलं. "अहो, जुने लोक तोफा सॉसेजएवढ्या करायचे, हातभर बाहेर काढलेल्या! खालून दिसायला नकोत? मला वाटलं मेस्टरना माहीत असेल."

मेस्टरला माहीत नव्हतं. धक्क्यावर उभं राहून जहाज बघणारा माणूस तो. समोरून दिसतं तसं, मापात, जसंच्या तसं केलेलं. चर्चमध्ये माणूस खाली बसतो ही गोष्ट दोन वर्षांत त्याच्या डोक्यात आली नव्हती. पाद्रीसाहेब हसू दाबत म्हणाले, "असू दे. परमेश्वराला वरून दिसतील," आणि क्लाउसची समजूत काढायला त्याला घरी कॉफीला घेऊन गेले. कार्लही दोरी बांधून त्यांच्यामागे गेला. कॉफीबरोबर केक असणार हे त्याला कळलं होतं.

पेट्रिने मात्र बाकावर बसून होती. मान मागे टाकून वर बघत.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला तोफा नकोच होत्या. तळ दिसतोय ते बरं." थोड्या वेळाने म्हणाली, "एकही जोड नाही, मेस्टर. इथून तिथपर्यंत सलग. 'डोर्थिया'चा असाच होता ना?"

सेवेरिनने चर्चभर नजर फिरवली. दोन तोफा ठेवायला कुठेही जागा नव्हती.

"नव्हता," तो म्हणाला.

आणि उभ्याउभ्याच सांगितलं. ओल्या पावाचा आवाज. हातभर कूज. माणसं जेवायला गेली होती ते. तुकडा, काथ्या, शिसं. फार वेळ लागला नाही. दोन वर्षं जे चव्वेचाळीस तोफांमागे दडवलं होतं, ते पाच-सहा वाक्यांत संपलं.

पेट्रिनेची मान अजून मागेच होती. "अँटोनला माहीत होतं?"

"नाही. त्यानं विचारलं. मी ठीक आहे म्हणालो."

"का?"

"जहाज थांबलं असतं. दहा दिवस. माझ्यामुळे कधी कुठलं थांबलं नव्हतं."

तिने मान खाली घेतली आणि त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं समोर बसून पाहिलं नव्हतं तसं. "एकशे बत्तीस गाठी मारल्या मी तुमच्या टेबलावर," ती म्हणाली. "तुमच्या घरची कॉफी प्यायले. हसले."

"ठिगळानंच बुडालं असं नाही, पेट्रिने. वादळ—"

"ते नका सांगू. ते मला आता मरेपर्यंत रोज स्वतःला सांगायचंय." ती उठली. "तुमचं उतरलं ओझं. माझ्या दारात उतरवलंत."

सेवेरिनला बसावंसं वाटलं, पण त्या बाकांवर बसायचा धीर झाला नाही. "उद्या सगळ्यांसमोर सांगतो," तो म्हणाला. "पाचही घरांना सांगतो. जहाज खाली घेऊ."

"नाही."

"मग?"

"जहाज उद्या वरच राहील. पाद्रीसाहेब तुमचे आभार मानतील, ते तुम्ही उभं राहून ऐकायचे." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या पाच घरांचा राग समुद्रावर आहे, मेस्टर. समुद्राला काही होत नाही, तो पुरून उरतो. तुमच्यावर राग धरला तर तुम्ही दहा वर्षांत मराल, आणि मग त्या म्हाताऱ्या बायांनी राग ठेवायचा कुठे? नाही सांगायचं. मी झोपणार नाही, तुम्ही झोपू नका. तेवढी दोन माणसं पुष्कळ झाली."

शाल न घेताच ती गेली. सेवेरिन शाल घेऊन मागे धावला नाही. बाकाच्या पाठीवर ती नीट घडी करून ठेवली, आणि मग परत उलगडली, तिने टाकली होती तशी.

रविवारी चर्च भरलं होतं. पाद्री विडबेर्गांनी सहा नावं वाचली, प्रत्येक नावानंतर घंटा झाली. मग ते म्हणाले की या बेटाचा एक प्रामाणिक हात दोन वर्षं या कामावर झिजला. सेवेरिनला उभं राहावं लागलं. प्रार्थनेनंतर दाराशी सहा घरांची माणसं रांगेने आली. खलाशी योर्गनची आई, ऐंशी वर्षांची, त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, "आता मला बघायला काहीतरी आहे रे बाळा." 'डोर्थिया'वरच्या स्वयंपाक्याच्या बायकोने अंड्यांची टोपली आणली होती. प्रत्येकाने हात दाबला. सेवेरिनचा हात हळूहळू पांढरा पडत गेला. डाग्नी शेजारी उभी होती, तिने ते पाहिलं.

रांगेत शेवटी पेट्रिने. सगळं गाव बघत होतं. तिने हात पुढे केला, त्याने धरला. पेट्रिने काहीच बोलली नाही. बघणाऱ्यांना वाटलं, दुःखाने कंठ दाटला असेल.

"अंडी टोपलीतच ठेव, खाऊ नकोस," सेवेरिन घरी आल्यावर म्हणाला.

"बरं," डाग्नी म्हणाली. चाळिसेक वर्षांत पहिल्यांदा तिने नुसतं बरं म्हटलं. संध्याकाळी तिने त्या स्वयंपाक्याच्या बायकोला, 'क्रोमानला अंडी बाधतात,' असं सांगून टोपली परत केली.

सेवेरिनने त्यानंतर हातात हत्यार धरलं नाही, हातोडी सोडून. वसंतात गलबतं किनाऱ्यावर ओढली की तो पहाटेपासून त्यांच्या पोटाखाली शिरायचा. कुणी बोलावलेलं नसायचं. फळीन् फळी ठोकायचा, कान लावायचा, खडूने फुल्या मारायचा. नवा सुतार ओशाळायचा, कप्तान वैतागायचे. "म्हातारा अख्खं जहाज उतरवून ठेवील," असं बंदरावर म्हणू लागले. त्याने एकदा खडू मारला की ती फळी बदलल्याशिवाय तो पोटाखालून निघत नसे. पाय धरून ओढून काढला तरी परत शिरे. तीन वर्षांत त्याच्यापायी पाच जहाजांचा वारा चुकला. क्लाउस म्हणाला, "सेव्या, तू आरमारात असतास तर आपण लढाईला वेळेवर कधी पोचलोच नसतो." सेवेरिन हसला नाही, म्हणून क्लाउसही हसायचा थांबला.

एका एप्रिलमध्ये तरुण कप्तान रास्क भडकला. त्याच्या गलबताच्या तळाला सेवेरिनने अकरा फुल्या मारल्या होत्या. "क्रोमानआजोबा, बाहेर या! वारा चांगला आहे, मला आज निघायचंय!"

"अकरा," आतून आवाज आला.

"डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं! अरे, ओढा रे त्याला बाहेर!"

दोन खलाशी वाकले. तेवढ्यात धक्क्यावरून पेट्रिने बॉये खाली आली. खांद्यावर विणायच्या जाळ्याचं ओझं होतं, ते तिने गलबताच्या पोटाशी टाकलं आणि त्यावर बसली. नेमकी अशी, की तिला उठवल्याशिवाय गलबत पाण्यात ढकलता येणार नाही.

"फळ्या बदल," ती रास्कला म्हणाली.

"पेट्रिनेबाई, दहा दिवस जातील!"

"जाऊ देत."

रास्क बराच वेळ बडबडला. मग त्याने टोपी वाळूत आपटली आणि सुताराला हाक मारली. पहिली फळी निघाली तेव्हा आतून निरोगी, पिवळं लाकूड दिसलं. दुसरीही तशीच. खलाशी एकमेकांकडे बघून हसू लागले. पेट्रिने उठली नाही. सातवी फळी पहारीने उचकटली तेव्हा सुतार थांबला, बोट आत खुपसलं आणि खुणेने रास्कला जवळ बोलावलं.

सेवेरिन पोटाखालून रांगत बाहेर आला. गुडघ्यांवरची वाळू झटकली. पेट्रिनेने जाळं खांद्यावर घेतलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. ती वरच्या रस्त्याने घरी गेली, आणि तो, ती दिसेनाशी होईपर्यंत थांबून, खालच्या.